डेस्कटॉपवर आलेला आळ

बारा जुने संगणक, प्रत्येकी 2 जीबी रॅम, वर डेबियन 11 ही लिनक्स प्रणाली आणि तिचा मूळचा नोम डेस्कटॉप, म्हणजे विंडो-मेनू दाखवणारा भाग. विंडो ओढली की अडखळत सरकायची आणि सीपीयूचा पंखा घोंगावायचा. नोम काढून एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप बसवून द्या, एवढंच काम आमच्याकडे आलं होतं.

पण डेस्कटॉपला दोष देण्याआधी पडद्यावरचं चित्र रंगवतंय कोण, हे बघायलाच हवं. 'मेसा-युटिल्स' पॅकेजातली 'जीएलएक्सइन्फो' ही कमांड चालवली. रेंडररच्या, म्हणजे चित्र रंगवणाऱ्याच्या, ओळीत ग्राफिक्स कार्डाचं नावच नाही, तिथे 'एलएलव्हीएमपाइप', म्हणजे सीपीयूवर चित्र काढणारं सॉफ्टवेअर! म्हणजे कार्ड नुसतंच बसून आणि नोम शेलची एकेक फ्रेम सीपीयू काढतोय. 'डीमेसेज' या कर्नलच्या नोंदींमध्ये कारणही सापडलं: आर600 आणि त्यापुढच्या पिढ्यांच्या एएमडी रेडिऑन कार्डांना फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, लागतं, ते बसवलेलं नाही. डेबियन 11च्या अधिकृत आयएसओत, म्हणजे इन्स्टॉलरच्या फाइलीत, नॉन-फ्री (मुक्त परवाना नसलेलं) फर्मवेअर नसायचं. 2023 साली आलेल्या डेबियन 12पासून ते इन्स्टॉलरसोबतच मिळतं. पॅकेजं जिथून उतरतात त्या सोर्सेसच्या यादीत 'नॉन-फ्री' जोडून 'फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स' बसवलं आणि रीबूट केलं. त्याच नोममध्ये विंडो अलगद सरकू लागली.

तरीही शेवटी एक्सएफसीईच ठेवलं, ते रॅमपायी. रॅम दाखवणाऱ्या 'फ्री' कमांडच्या उत्तरात 'फ्री'चा नव्हे, 'अव्हेलेबल'चा रकाना वाचावा. कॅशने (फाइलींच्या तात्पुरत्या साठ्याने) अडवलेली बरीचशी जागा गरज पडली की मोकळी होते. लॉगिननंतर काहीही न उघडता नोमवर सुमारे 900 एमबी उरत होते, एक्सएफसीईवर 1.3 जीबीच्या आसपास. ब्राउझरचे पाच-सहा टॅब उघडले की हाच फरक नडतो: नोमवर स्वॅप, म्हणजे रॅममधला मजकूर डिस्कवर हलवणं, सुरू होतं आणि हार्डडिस्क खरखरत राहते. रॅम 8 जीबी असती तर नोमला हातही लावला नसता.

एक्सएफसीई बसवताना डिस्प्ले मॅनेजर, म्हणजे लॉगिन स्क्रीन दाखवणारा प्रोग्रॅम, कुठला, असं विचारलं जातं. तिथे लाइटडीएम निवडलं, कारण नोमच्या जीडीएमची लॉगिन स्क्रीन नोम शेलवरच चालते.

एक चूक मात्र पहिल्याच मशीनवर झाली. नावात 'नोम' असलेली सगळी पॅकेजं एका झटक्यात काढली आणि पॅनेलवरचं वायफायचं चिन्ह गेलं. डेबियन 11मध्ये ते चिन्ह एक्सएफसीईवरही 'नेटवर्क-मॅनेजर-नोम' याच पॅकेजातून येतं. लॅन केबल जोडून ते पुन्हा बसवलं. उरलेल्या अकरा मशीनवर काढायच्या पॅकेजांची यादी आधी ओळीने वाचली, मगच होकाराचं 'वाय' दाबलं.