हीटच्या अकराव्या दिवशी दिलेला नकार

बुलडॉगची मादी आमच्या नराकडे जोडणीसाठी आली तेव्हा हीटचा, म्हणजे माजाचा, अकरावा दिवस होता. सोबत प्रोजेस्टेरॉन या हार्मोनचा त्याच सकाळचा रक्ताचा रिपोर्ट: 6.1 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. म्हणजे ओव्ह्युलेशन, बीजं बाहेर पडणं, नुकतंच झालेलं. कुत्रीची बीजं बाहेर पडल्यावर पक्व व्हायला साधारण दोन दिवस घेतात, आणि जोडणीसाठी त्यानंतरचे दोन-तीन दिवसच काय ते हातात. मालक रात्रभर गाडी चालवून आले होते.

बुलडॉगचा स्टड, म्हणजे जोडणीसाठी ठेवलेला नर, सांभाळणाऱ्याचं मुख्य काम नर दाखवणं नव्हे, मादी पारखणं आहे. मादी आयुष्यात मोजकी वेतं देते. नर मनात आणलं तर वर्षभरातच तेवढी देऊन मोकळा होतो. चुकीच्या होकाराचा पसारा नराच्या बाजूने कितीतरी मोठा होतो. म्हणून कागद हीटच्या निदान महिनाभर आधी मागवायचे, आणि मादी चालताना डोळ्यांनी पाहिल्याशिवाय होकार द्यायचा नाही. या मालकांनी कागद वेळेवर पाठवले होते. आधी एकदा दाखवायला मात्र जमलं नव्हतं, म्हणून शेवटचा निर्णय आल्यावरच, हे फोनवर स्पष्ट ठरलं होतं.

कागद चांगले होते, हे आधी सांगतो. ब्रुसेला या जंतूची चाचणी निगेटिव्ह. या जंतूचा हमखास कायमचा इलाज नाही. जोडणीतून आणि स्रावांतून तो पसरतो, मादीचा गर्भ दिवस भरत आल्यावर पडतो, नराच्या अंडकोषाला सूज येऊन तो नापीक होऊ शकतो आणि माणसालाही लागण होते. चाचणी दोघांची हवी. आमच्या नराचा रिपोर्टही त्यांना पाठवला होता. न मागता पाठवायचा असतो. हृदयाची इको, म्हणजे सोनोग्राफीही स्वच्छ होती. बुलडॉगमध्ये फुफ्फुसाकडे जाणाऱ्या झडपेचा अरुंदपणा आढळतो, म्हणून नुसत्या स्टेथोस्कोपवर भागवायचं नाही.

डीएनए रिपोर्टमध्ये मादी एचयूयूची कॅरिअर निघाली होती. एचयूयू म्हणजे लघवीत युरिक अ‍ॅसिड जास्त जाणं आणि त्यातून मूत्राशयात खडे होणं. कॅरिअर म्हणजे दोष एकाच पालकाकडून आलेली, स्वतः आजारी नसलेली. ‘कॅरिअर’ हा शब्द वाचूनच पुष्कळ जण मादी बाद करतात, ते बरोबर नाही. हा दोष दोन्हीकडून आला तरच उमटतो. आमचा नर क्लिअर, म्हणजे दोषमुक्त आहे, त्यामुळे पिल्लं एक तर क्लिअर निघाली असती नाहीतर कॅरिअर; आजारी एकही नाही. दोघंही कॅरिअर असते तर सरासरी चारातलं एक पिल्लू बाधित, आणि मग माझा नकारच असता. रक्तसंबंधाचं गणितही ठीक होतं. सावत्र भावंडांची जोडणी केली तर इनब्रीडिंग 12.5 टक्क्यांवर जातं. इथे त्याच्या आसपासही नव्हतं.

मग मादी गाडीतून उतरवली. पाणी पाजलं, सावलीत अर्धा तास बसू दिलं. प्रवासाची धाप आणि कायमची धाप यांत गल्लत होऊ नये म्हणून हा अर्धा तास द्यायचाच. आमच्या पशुवैद्यांनी स्वरयंत्रापाशी, गळ्याच्या बाजूला स्टेथोस्कोप ठेवून शांत श्वास ऐकला. हलकी घरघर होती. त्यानंतर तीन मिनिटं दुडकी चाल. केंब्रिज विद्यापीठ आणि ब्रिटनच्या केनेल क्लबने 2019 पासून चालवलेल्या श्वसन-ग्रेडिंगमध्ये हीच पद्धत आहे: आधी ऐका, तीन मिनिटं दुडका चालवा, पुन्हा ऐका, 0 (त्रास नाही) ते 3 (तीव्र त्रास) ग्रेड द्या. कुत्रं वर्षाचं झाल्याशिवाय ही चाचणी घेत नाहीत. ग्रेड 3 ला प्रजननात स्थान नाही आणि दोन ग्रेड 2 एकमेकांना द्यायचे नाहीत. आमचा नर ग्रेड 1 आहे.

मिनिटभर ती बरी चालली. मग कोपरं बाहेर फेकू लागली, मान पुढे ताणली. प्रत्येक श्वासाला नाकपुडीचा बाहेरचा पडदा आत ओढला जाऊन भोक जवळजवळ बंद होत होतं. दीड मिनिटाला ती आपणहून थांबली. जिभेचं टोक वर वळलेलं, कडेला जांभळी छटा, आणि घरघरीच्या जागी आता श्वास आत घेताना बारीक शिट्टीसारखा आवाज. घरघर बहुधा लांब टाळूची असते. शिट्टी ऐकू आली की स्वरयंत्र आकसू लागल्याची शंका घ्यायची. पंखा लावला, पोटाला आणि पंजांना साधं पाणी लावलं. श्वास जागेवर यायला दहा मिनिटांहून जास्त लागले. पशुवैद्य म्हणाले, अधिकृत ग्रेडिंग केलं तरी ही 3 च्या खाली येणार नाही.

मालक कुत्रीवर जीव लावणारे होते. त्यांनी विचारलं, “दादा, तुमचा नर छान श्वास घेतो. पिल्लं मधली नाही का निघणार?” तसं होत नाही. ही रचना अनेक जनुकांची मिळून असते. एका वेतात एक पिल्लू बापासारखं निघेल, दुसरं आईपेक्षा वाईट, आणि आठव्या आठवड्यात घर देताना ते कळत नाही. त्रास वाढत्या वयाबरोबर उघड होतो. मग त्यांनी दुसरा मार्ग सुचवला, “दमते म्हणताय तर एआय करू.” एआय म्हणजे कृत्रिम रेतन. त्याने जोडणीची दमछाक टळते, पुढचे नऊ आठवडे टळत नाहीत. शेवटच्या पंधरवड्यात भरलेलं गर्भाशय छातीच्या पडद्यावर दाबतं, आणि बुलडॉगमध्ये बहुतेक वेळा शेवट सिझरमध्ये होतो. सूज असलेला घसा, भरल्या पोटामुळे उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका आणि वर भूल. पिल्लं वाचून आई टेबलावर जाण्याची भीती खरी आहे. अशा मादीसाठी नराच्या वीर्याची नुसती नळी देणं हाही होकारच.

नकार लेखी दिला. कारण, चाचणीची वेळ, काय दिसलं, पशुवैद्यांची सही. सोबत दीड मिनिटाचा व्हिडिओ. तोंडी नकार पुढच्या स्टडवाल्यापर्यंत पोहोचत नाही, कागद निदान मालकाजवळ राहतो. फी आधी घेतलेलीच नव्हती. स्टड फी मंजुरीनंतरच घ्यावी, नाहीतर घेतलेले पैसे निर्णयाला ढकलतात.

हेच नियम स्वतःच्या नरालाही लागू होतात. शुक्राणू तयार व्हायला सुमारे दोन महिने लागतात, म्हणून ताप येऊन गेला की तेवढे दिवस थांबून वीर्य पुन्हा तपासायचं. पुढे सरकणारे शुक्राणू 70 टक्क्यांच्या खाली असतील तर मादीचा माज वाया घालवायचा नाही. बुलडॉग नरांमध्ये वयात आल्यावर लघवीत सिस्टिन या अमिनो आम्लाचे खडे होऊ शकतात, आणि त्या प्रकाराचा संबंध पुरुष-हार्मोनशी आहे. असा खडा निघाला तर जोडण्या त्या दिवशी बंद, आणि ज्यांना ज्यांना नर दिला त्या प्रत्येकाला फोन. त्यासाठी प्रत्येक वेताची वही ठेवावी लागते: किती पिल्लं, किती दुभंगलेल्या टाळूची, किती अंगभर पाणी धरलेली, वर्षाच्या वयाला श्वास कसा.

त्या मादीचं पुढे काय, हे निघण्यापूर्वी ठरलं. वजन दोन किलो कमी करायचं, गळ्यात पट्टा न घालता छातीचा हार्नेस. माज संपून दोन-तीन महिने झाले की नाकपुड्या मोठ्या करणं, लांब टाळू छाटणं आणि नसबंदी, सगळं एकाच भुलीत, म्हणजे भूल दोनदा द्यावी लागणार नाही. शस्त्रक्रियेने तिचा श्वास सुधारेल, पिल्लांना जाणारी जनुकं तीच राहतील. म्हणून नसबंदी त्याच यादीत. भुलीतून उठताना श्वासनलिकेतली नळी, कुत्री स्वतः गिळायला आणि चावायला लागेपर्यंत काढू नका, हे आमच्या पशुवैद्यांनी मालकांच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठीत अधोरेखित करून दिलं.