बघून लिहायची परीक्षा
परवा बेळगावात टिळकवाडीत चहा पिताना एक मित्र म्हणाला, तुझी ती सीकेए म्हणजे बघून लिहायची परीक्षा की, पास झालास त्यात काय कौतुक. तिथं काही बोललो नाही पण डोक्यात राहिलं ते.

सीकेए म्हणजे कुबरनेटिस सांभाळणाऱ्यांची सर्टिफिकेटची परीक्षा, आणि कुबरनेटिस म्हणजे पुष्कळ मशीनवर प्रोग्राम चालवणारी सिस्टीम. परीक्षेला दोन तास असतात, ऑप्शनवाले प्रश्न नाहीतच, समोर टर्मिनल आणि खरा क्लस्टर म्हणजे जोडलेल्या मशीनचा गट, आणि कुबरनेटिसची ऑफिशियल डॉक्युमेंटेशन उघडायची परवानगी. मी पण खुश झालेलो. पेपरात काय आलेलं ते सांगायचं नसतं म्हणून सरावाचं सांगतो, नेटवर्क पॉलिसी, म्हणजे कुठल्या पॉडनं (चालत्या प्रोग्रामच्या डब्यानं) कुणाशी बोलायचं त्याचे नियम, लिहायला बसलो, डॉक्स उघडले, सर्च केलं, ढीगभर पानं आली, त्यातलं कुठलं हवं तेच कळेना, पंधरा मिनिटं गेली आणि शेवटी पॉड सिलेक्टरच्या (कुठले पॉड ते सांगणाऱ्या ओळीच्या) पुढं एक डॅश जास्तीचा पडला. त्या एका डॅशनं दोन अटींमधल्या 'आणि'चं 'किंवा' होतं, भलत्याच पॉडला दार उघडं. हे माहीत नसेल तर पान समोर असून पण दिसत नाही.

काकांचं उद्यमबागेत लेथचं छोटं वर्कशॉप आहे. एम १० च्या टॅपला, म्हणजे भोकात आटे पाडायच्या हत्याराला, आधी साडेआठ मिलिमीटरचं ड्रिल, हे त्यांना झोपेतनं उठवून विचारा. पण इंचाचे आटे आले की उठून भिंतीवरचा चार्ट बघणार. मी एकदा हसलो तर म्हणाले, "रोज लागतंय ते पाठ असतंय रे, अंदाजानं भोक मारून जॉब घालवू काय?"

रेड हॅट या लिनक्सवाल्या कंपनीच्या परीक्षेत नेट नसतं पण मॅन पेजेस, म्हणजे सिस्टीममधलंच मॅन्युअल, असतातच. मायक्रोसॉफ्टनं २०२३ पासून बऱ्याच परीक्षांत लर्न ही त्यांची डॉक्सची साइट उघडू दिली, वेळ मात्र वाढवला नाही, आणि फंडामेंटल्स म्हणजे अगदी पायाच्या परीक्षांना ती सोय नाही, ते मला पटतं, सबनेट (नेटवर्कचा छोटा भाग) म्हणजे काय हे पण शोधावं लागत असेल तर मग अवघड आहे. उलट मी एक क्लाउडची परीक्षा सगळं पाठ करून दिली, कुठल्या सर्व्हिसची लिमिट किती वगैरे, महिन्याभरात सगळं साफ. कामावर तर दिवसभर डॉक्सच उघडे असतात, कोण हटकतंय?

आणि तो चहावाला मित्र, मेकॅनिकलचा आहे. मशीन डिझाइनच्या पेपराला डेटा हँडबुक न्यायला देतात. हँडबुक हातात असून दोनदा राहिलेला त्याचा.