निळ्या खांबाची कूज: सात काप आणि एक ठिपका

मागच्या वेळी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, की निळा पिलोसोसेरियस (खांबासारखा वाढणारा निवडुंग) साडेतीन फुटांना टेकला, आता कुंडी बदलायची. कुंडी तयार आहे. तीत लावायला खांबच उरला नाही.

गेल्या पंधरवड्यात कुंडी फिरवताना तो जरा डुगडुगला. बुंध्याशी अंगठा दाबला तर एक कंगोरा ओल्या पुठ्ठ्यासारखा आत गेला. वरून सगळं शाबूत, निळं मेण जसंच्या तसं. हा थर फार फसवा, आतली गडबड बाहेर दिसूच देत नाही.

उपटलं तर मुळांचा चिखल. दोष कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा), आणि माझाही. आणला तेव्हा 'मुळं दुखावतील' म्हणून मुळांभोवतीचा कोकोपीटचा गड्डा तसाच ठेवून भोवती प्युमिस, म्हणजे सच्छिद्र ज्वालामुखी खडे, भरलं होतं. प्युमिस दोन दिवसांत कोरडं व्हायचं, गाभा मात्र ओलाच. मी बोट घालून तपासायचो ते कडेला! ईशान्य ब्राझीलच्या कातळांवर वाढणाऱ्या झाडाला मी ओला स्पंज बांधून ठेवला होता. रोपवाटिकांना कोकोपीट परवडतं, हलकं असतं, कबूल. पण घरी आल्यावर ते धुऊन काढायचंच, यावर माझ्याशी कुणी वाद घालू नका.

मग कापाकापी. पहिले तीन काप सरसकट तपकिरी. चौथ्याला गर स्वच्छ, फक्त मधल्या, पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्यांच्या कड्यात टाचणीच्या डोक्याएवढा नारिंगी ठिपका. उंची गमवायची नव्हती, म्हणून ठिपका कोरून गंधक भरलं आणि स्वतःची समजूत घातली. तीन दिवसांनी तिथे वाटाण्याएवढा खड्डा. कूज गरातून रांगते आणि वाहिन्यांतून पळते, हे मीच सगळ्यांना सांगत असतो! पाचव्या कापातही ठिपका. सहाव्याआधी पातं अल्कोहोलने पुसायचं विसरलो, त्यामुळे तो काप धरायचाच नाही. सातव्याला कडं सगळीकडून पांढरट. हाती सतरा इंचांचा शेंडा.

दात्यांचा सुरा या कामाला अजिबात नको. गर फाटतो आणि असले ठिपके दिसतच नाहीत. लांब, पातळ, सरळ पातं हवं.

एक गोष्ट मात्र झकास जमली. कापाच्या कडा पेन्सिलीसारख्या तासल्या होत्या. आज नववा दिवस, खालचा भाग बुचासारखा कडक, कंगोरे सुकून आत ओढले गेलेत आणि कडं बरोबर टोकाला राहिलंय. मुळं या कड्यातूनच फुटतात, म्हणजे आता ती खालीच सुटतील. रिकाम्या कुंडीत उभाच ठेवलाय. आडवा ठेवला तर शेंडा वाकतो आणि मुळं कुशीतून फुटतात.

बेत असा होता की अजून दोन आठवडे सुकवून कोरड्या प्युमिसमध्ये रोवायचा आणि मुळं धरेपर्यंत पाणी नाही. पण लिहितानाच सुचलं, वरचे तीन इंच उडवून सेरियसच्या (दुसऱ्या एका निवडुंगाच्या) मुळं धरलेल्या खुंटावर कलम केले तर? एक जीव तरी हमखास वाचेल, खालचा तुकडा बाजूने फुटेल. धोका आहेच, दमलेल्या झाडाला आणखी एक जखम. पण त्या कापात वरचं कडंही दिसेल, आणि सातवा काप खरंच शेवटचा होता का तेही.

खुंट जोमात आहे. पातं पुसून ठेवलंय, या वेळी दोनदा.