आधी उजवा पट्टा: टॉय हॉलरमधून बाइक नेताना

मागच्या भागात बाइक, पुढच्या भागात झोपायची सोय, असा टॉय हॉलर (गाडीमागे ओढायचा ट्रेलर) घेऊन चार दिवस फिरून आलो. मी, धाकटा भाऊ आणि सव्वादोनशे किलोची बाइक. निघताना सगळी धास्ती बाइक बांधण्याची होती. तंतरली मात्र ती सोडताना.

बांधणं तसं नीट झालं. पुढचं चाक व्हील चॉकमध्ये (चाक धरून ठेवणाऱ्या खाचेत) घट्ट बसवलं. पट्टे हँडलला न अडकवता फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांच्या) खालच्या क्लॅम्पला सॉफ्ट लूप (कापडी फास) घालून घेतले, कारण ताण आला की हँडल जागचं फिरतं. तिथून ट्रेलरच्या तळातल्या डी-रिंगकडे (पट्टा अडकवायच्या कडीकडे) पुढे आणि बाहेर, साधारण 45 अंशांत. एक बाजू करकचून मग दुसरी, असं करू नका. रॅचेटच्या (पट्टा ताणायच्या दातेरी खिट्टीच्या) दोन-दोन टिचक्या आलटूनपालटून द्या. पुढचे शॉकअप निम्म्याच्या थोडे आत दबले की पुरे. मागचे दोन पट्टे फक्त शेपूट सरकू नये म्हणून. साइड स्टँड वर, पेट्रोलचा कॉक बंद. (झोपायची जागा त्याच पेटीत आहे, तेव्हा रात्री खिडकी उघडी.) 25 किलोमीटरवर थांबून पाहिलं, तर डावा पट्टा सैल! नवे पट्टे ताणून थोडे सैल पडतातच, पहिला थांबा चुकवू नका.

मुक्कामी पोचलो तेव्हा अंधारत होतं आणि मला घाई. ट्रेलर गाडीपासून सोडला नव्हता, चाकांना पाचरी लावल्या, मागचे टेकू खाली केले. हे आधी करायलाच हवं. बाइक रॅम्पवर आली की वजन चाकांच्या मागे जातं आणि ट्रेलरचं तोंड वर उचलू पाहतं. मागचे पट्टे काढले, स्टँड लावला आणि मी डावीकडे उभा होतो म्हणून डावाच रॅचेट सोडला.

"दादा, पडतेय!"

दबलेला शॉकअप ताडकन उसळला, उजव्या पट्ट्याने बाइक स्वतःकडे ओढली. भावाने खांदा लावला म्हणून ती पडली नाही, भिंतीला टेकली. ब्रेकचा लिव्हर वाकला, त्याचा खांदा दोन दिवस दुखला. स्टँड डावीकडे असतो, म्हणून उजवा पट्टा आधी. मग डावा पट्टा बाइकला स्टँडवरच बसवतो. तोही हळूहळू, आणि माणूस हँडल धरून.

रॅम्पवरून मागे उतरवताना इंजिन बंद, पहिला गिअर, हात क्लचवर. क्लच सोडला की मागचं चाक अडतं. पुढच्या ब्रेकवर भिस्त ठेवू नका: उतारावर वजन मागच्या चाकावर असतं, त्यामुळे पुढचं लॉक होऊन घसरतं. ओल्या रॅम्पवर तर नकोच. तिसऱ्या दिवशी पाऊस थांबेपर्यंत आम्ही दीड तास चहा पीत बसलो. जागा निवडताना ट्रेलरची मागची बाजू चढाकडे करा. रॅम्पचा उतार कमी होतो, बाइकचं पोटही वरच्या कडेला घासत नाही.

उजव्या रॅचेटला आता लाल चिंधी बांधली आहे. भावाने बांधली, मला न विचारता.