नराराच्या प्रवाळभेटीची तयारी : नोंद तिसरी

मागच्या नोंदीत सांगितलेली तारीख मला रद्द करावी लागली आहे. कच्छच्या आखातातील नरारा पाहण्यासाठी मी जोडून सुट्टी येते म्हणून एक शनिवार निवडला होता, आणि पंचांग उघडल्यावर लक्षात आले की त्या दिवशी अष्टमी आहे. अष्टमीला भांगाची भरती असते. पाणी फार चढत नाही, तसे ते फार उतरतही नाही, त्यामुळे ज्या खडकांवरील प्रवाळ पाहण्यासाठी एवढा प्रवास करायचा ते पाण्याखालीच राहण्याची शक्यता होती. तिकिटे अद्याप काढली नव्हती, एवढेच बरे झाले.

नराराचे वैशिष्ट्यच ओहोटीवर अवलंबून आहे. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील प्रवाळ पाहायचे तर पाण्यात उतरावे लागते. जामनगरजवळच्या या किनाऱ्यावर मात्र ओहोटीच्या वेळी घोट्याएवढ्या पाण्यातून चालत जाऊन जिवंत प्रवाळ पाहता येतात. हा भाग 1982 साली घोषित झालेल्या आणि देशातील पहिल्या ठरलेल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात येतो.

नवी तारीख माघ कृष्ण द्वितीयेची धरली आहे. उधाणाचा, म्हणजे पाणी सर्वाधिक चढण्या-उतरण्याचा, जोर नेमका पौर्णिमेला नव्हे, तर त्यानंतर एक-दोन दिवसांनी सर्वाधिक असतो, शिवाय ओहोटीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकत असल्याने द्वितीयेला पाणी तळाला जाईपर्यंत सूर्य बराच वर आलेला असतो. आपल्याकडे कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात; चतुर्थीला पूर्ण भरती तीनच्या सुमारास, हा तो हिशेब. परंतु आखातात आत शिरायला भरतीला वेळ लागत असल्यामुळे तो हिशेब तेथे जसाच्या तसा लावता येत नाही, म्हणून जवळच्या बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ताच प्रमाण मानावा, असे मी आग्रहाने सांगेन. ओहोटीचा तळ गाठण्याच्या दीड-दोन तास आधी किनाऱ्यावर पोहोचून उतरत्या पाण्याच्या मागोमाग जायचे आणि पाणी वळताच परत फिरायचे, असा बेत आहे. चढते पाणी आधी खोलगट ओहोळांतून मागच्या बाजूने भरते, हे विसरून चालत नाही.

सराव म्हणून गेल्या अमावास्येला मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर दोन तास काढले. सपाट तळव्याच्या चपला शेवाळावर टिकत नाहीत, त्यामुळे आता जाड, खाचांचे तळवे असलेले बंद बूट घेतले आहेत. कॅमेऱ्याला पोलरायझर लावल्यावर पाण्यावरची चकाकी जाऊन समुद्रफुलांचे स्पर्शक स्पष्ट टिपता आले, ही मोठी जमेची बाजू. वाळूत पाय उचलून न टाकता सरकवत चालण्याची सवयही करतो आहे, कारण शेपटीला विषारी काटा असलेले पाकट वाळूखाली दडून बसलेले असते.

पाहायच्या यादीत ऑक्टोपस, पफरफिश, समुद्रकाकडी, तारामासे आणि घुमटाकार प्रवाळ आहेत. लक्षद्वीपसारखे निळे पाणी आणि झळाळते रंग येथे शोधू नयेत. गढूळ पाण्यात तग धरणारे हे प्रवाळ बहुतांशी तपकिरी आणि हिरवट असतात, आणि मला त्यांचा हा चिवटपणाच अधिक ओढून नेतो. प्रवाळ आणि समुद्रकाकड्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीत आहेत, म्हणून मेलेला तुकडासुद्धा उचलायचा नाही. एखादा वाटाड्या प्राणी हातावर ठेवून दाखवू लागला, तर त्याला नम्रपणे थांबवायचे, हेही ठरवले आहे.

पक्ष्यांसाठी दुसरा दिवस जामनगरजवळच्या खिजडिया पक्षी अभयारण्याचा. बांधाच्या एका बाजूला गोडे आणि दुसऱ्या बाजूला खारे पाणी असलेले हे ठिकाण आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आल्याचे 2022 मध्ये जाहीर झाले. खेकडे खाणारा क्रॅब प्लोव्हर हा पक्षी मात्र नराराच्या चिखलपट्टीवरच दिसावा, अशी फार इच्छा आहे. पिरोटन बेट या खेपेला सोडले. तेथे बोट एका भरतीला जाते आणि परतायला पुढच्या भरतीची वाट पाहावी लागते, तेवढा वेळ हाताशी नाही.

वनविभागाच्या परवानगीसाठी ओळखपत्रांच्या प्रती तयार आहेत. जामनगरला पोहोचवणाऱ्या सौराष्ट्र मेलचे आरक्षण या आठवड्यात करायचे आहे.