नव्वदपैकी नव्वद

बेळगावच्या एका रुग्णालयातील नवजात शिशू विभागात मी एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधासाठी माहिती गोळा करीत होते. मुदतीआधी जन्मलेल्या बाळांच्या आयांना अंगावर पाजण्याबाबत स्वतःविषयी किती खात्री वाटते, हे मोजण्याचा तो विषय होता. यासाठीची मूळ प्रश्नावली कॅनडातील परिचारिका-संशोधक सिंडी-ली डेनिस यांनी एका सहकारी संशोधिकेबरोबर १९९९ साली मांडली. तिच्यात ३३ विधाने होती. २००३ मध्ये ती १४ वर आली, आणि पुढे आजारी व अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या आयांसाठी १८ विधानांची वेगळी आवृत्ती झाली. प्रत्येक विधानाला १ ते ५ गुण असल्यामुळे बेरीज कमीत कमी १८ आणि जास्तीत जास्त ९० होते.

त्या दिवशी सकाळी खानापूर तालुक्यातील जंगलपट्ट्यातल्या एका गावच्या बाळंतिणीची मुलाखत होती. तिचे बाळ ३१ आठवड्यांचे असताना जन्मले होते. आता ते तीन आठवड्यांचे झाले होते आणि वजन १,५६० ग्रॅम भरले होते. दर दोन तासांनी आईचे काढलेले दूध, एका वेळी २० मिलिलिटर, नळीवाटे त्याच्या पोटात जात असे. शेजारी सासूबाई बसलेल्या होत्या. मी विधाने वाचत गेले आणि तिने प्रत्येक विधानाला, एकदाही न अडखळता, पाच गुण दिले. नव्वदपैकी नव्वद.

पहिल्यांदा मला बरेच वाटले, हे कबूल करायला हवे. प्रबंधाची मुदत जवळ आली की पूर्ण भरलेला कागद कोणालाही प्रिय होतो. मात्र बेरीज लिहिताना माझा हात थांबला, कारण बाळ नीट धरून चोखते आहे की नाही हे ओळखता येते, या विधानालाही तिने पाच गुण दिले होते आणि तिचे बाळ तोवर एकदाही अंगावर लावलेले नव्हते. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ, गरोदरपणापासूनचे आठवडे धरून, साधारण ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास बसू लागतो. तो बसला की नाही हे पाहण्याचा पहिला प्रयत्न त्याच दिवशी दुपारी व्हायचा होता.

दुपारी सासूबाई जेवायला बाहेर गेल्या. ती खुर्चीत रेलून, बाळाला उघड्या छातीशी धरून, कांगारू पद्धतीने बसली होती. मी कागद न काढता सहज विचारले, ‘‘सकाळी सगळ्याला पाच कसे गं दिलेस?’’

ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग हळू आवाजात म्हणाली, ‘‘मार्क कमी पडले तर बाळ सोडणार नाहीत म्हणाले की, अक्का.’’

कोण म्हणाले, हे तिला सांगता आले नाही. परंतु युनिफॉर्म घातलेली सिस्टर, हातात पॅड आणि पेन, आणि प्रत्येक उत्तराला आकडा, असे सारे समोर असताना तिने त्याला परीक्षा समजले तर त्यात चूक माझीच होती. सुरुवातीचे निवेदन मी वाचून दाखवले होते, पण ‘‘याचा उपचारांशी संबंध नाही’’ हे वाक्य बाळाच्या डिस्चार्जची वाट पाहणाऱ्या आईच्या कानात शिरेल, अशा रीतीने वाचले नव्हते.

दुसरी अडचण शब्दांची होती. ‘आत्मविश्वास’ हा शब्द मराठी आणि कन्नड या दोन्ही प्रतींत सारखाच होता आणि दोन्हीकडे सारखाच परका वाटत होता. सभेत भाषण करणाऱ्याकडे असतो तो आत्मविश्वास, दूध पाजणारीकडे कशाला हवा? ‘भरवसा’ लिहावे असे मी एकदा सुचवले होते, पण सीमेवरच्या बायांच्या कानावर कन्नडमधला ‘भरवसे’ हा शब्दही असतो आणि त्याचा झोक आशेकडे, आश्वासनाकडे आहे. ‘मी ओळखू शकते’ ही रचना तर आमच्याकडे पुस्तकातच भेटते. इथल्या कित्येक बाया स्वतःविषयी बोलताना ‘मी जातो, मी येतो’ म्हणतात. भाषांतर उलट भाषांतराच्या कसोटीला उतरले होते, म्हणजे ते परत इंग्रजीत केले तर मूळ इंग्रजीशी जुळत होते. तिच्या खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडच्या बोलण्याशी ते जुळते का, हे कोणी तपासले नव्हते.

मग मी तीच विधाने तिच्या बोलीत, एकेक करून, गप्पांसारखी विचारली. बाळ अंगावर घ्यायला जमेल का? ‘‘भ्या वाटतंय. मान कलंडली तर?’’ पोट भरले हे कळेल का? ‘‘नळीनं जातंय तोवर मिली कळतंय, मग कसं कळणार?’’ हाताने दूध काढण्याविषयी विचारले तेव्हा मात्र ती हसली. ‘‘धार काढायला मला कोण शिकवायला नको, अक्का. घरात दोन म्हशी हाईत. कुठं गाठ हाय, कधी मोकळं झालं, हाताला कळतंय की.’’ रात्रीच्या दोन वेळाही ती चुकवीत नव्हती, हे माझ्या नोंदीतही होते. त्या गप्पांचे आकडे मी नंतर मांडले तेव्हा बेरीज ४७ आली, पण बेरजेत तिचे काहीच दिसत नव्हते: दूध काढण्याच्या विधानांना पाच आणि अंगावर पाजण्याच्या बहुतेक विधानांना एक किंवा दोन, अशी ती सरळ दोन भागांत विभागलेली होती. तिला कशात मदत हवी आहे हे त्या फटीतच होते.

तीनच्या सुमारास डॉक्टरांनी परवानगी दिली. तिने आधी दूध काढून घेतले आणि मी बाळाची मान तिच्या तळहातावर ठेवून दिली. शेजारच्या खाटेवरची हुक्केरीची बाई, जिचे बाळ चार दिवसांपूर्वीच नळीवरून अंगावर आले होते, उठून आली आणि कन्नडमिश्रित मराठीत कोपर कसे टेकवायचे ते दाखवू लागली. माझ्या अर्ध्या तासाच्या समजावण्यापेक्षा तिच्या दोन मिनिटांचा उपयोग अधिक झाला. बाळाने जीभ लावली, तीन-चार वेळा ओढले आणि झोपून गेले.

मार्गदर्शक बाईंना मी दोन्ही बेरजा दाखवल्या. सकाळचा कागद ठरलेल्या पद्धतीने भरलेला असल्याने तोच नोंदीत राहील आणि शेऱ्यात सारे लिहावे, असे त्यांनी सांगितले. दुपारची बेरीज विश्लेषणात घेता येणार नव्हती. ते मला पटले. दुसऱ्या दिवसापासून मी मुलाखती साध्या साडीत, नातेवाईक बाहेर असताना घेऊ लागले आणि पहिले वाक्य बदलले: ‘‘हे मार्क तुझे नाहीत, बाळ घरी सोडण्याशी याचा काही संबंध नाही.’’ त्यानंतरच्या मुलाखतींत नव्वद एकदाही आले नाहीत.