15 ऑगस्टच्या आत शाळेचं मैदान मोजताना

शाळेच्या मैदानातली झाडं, गवत, किडे, पाखरं यांची मुलांसोबत नोंद करायची असेल तर आपल्याकडे जुलैचा दुसरा पंधरवडा गाठावा. जूनच्या मध्याला शाळा उघडते तेव्हा मैदान उघडंबोडकं असतं. पाऊस चांगला लागला की ते बघता बघता हिरवं होतं आणि ऑगस्ट उजाडला की ध्वजवंदनाची साफसफाई सुरू होते. खुरपी, विळे, कधी तणनाशकाचा पंपही. म्हणजे पाहण्यासारखं सगळ्यात जास्त असतं नेमकं तेव्हाच ते काढून टाकलं जातं. माझी शाळा सातारा जिल्ह्यात, जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंतची. सहावी-सातवीच्या मुलांना घेऊन हे काम मी त्या मधल्या दिवसांत केलं.

साधनं म्हणाल तर पीव्हीसी पाइपची 1 मीटर बाय 1 मीटरची चौकट आणि सुतळी. दर 10 सेंटीमीटरवर उभी-आडवी सुतळी ताणून बांधली की चौकटीत 100 घरं होतात. अर्ध्याहून जास्त घर ज्या वनस्पतीनं व्यापलं, ते घर तिच्या नावावर. 34 घरं हराळीची म्हणजे हराळी 34 टक्के. शेकडेवारीचा अख्खा धडा मुलांनी गुडघ्यांवर बसून केला.

खरी कसोटी चौकट कुठे ठेवायची ही. मुलांवर सोडलं तर सगळी कुंपणाकडच्या गचपणात पळतात, कारण फुलपाखरं तिथे. पण फक्त तिथे मोजलं तर अख्खं मैदान तसंच आहे असं कागदावर दिसेल. म्हणून दोन डब्यांत आकड्यांच्या चिठ्ठ्या ठेवल्या. मैदानाच्या एका कोपऱ्यापासून पहिल्या चिठ्ठीइतकी पावलं लांबीच्या बाजूनं, दुसरीइतकी रुंदीच्या बाजूनं, आणि जिथे पाय थांबेल तिथे चौकट. एका गटाची चौकट खो-खोच्या पाटीवर आली. “बाई, इथं काहीच नाही, उचलू का?” उचलायची नाही. 'काही नाही' हीसुद्धा नोंद आहे, आणि तीच लिहायला मुलं सगळ्यात जास्त कुरकुरतात. मग खाली वाकून बघितल्यावर टणक मातीत मुंग्यांची बिळं दिसली, बिळाभोवती मातीच्या कणांचं कडं, आणि पाटीच्या कडेला जमिनीला चिकटून वाढलेली हराळी. तुडवल्या जाणाऱ्या जागेत जगायचं तर असंच आडवं पसरावं लागतं, हे मला फळ्यावर सांगावं लागलं नाही.

नावं आमच्याकडे मावशींनी सांगितली. मावशी शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवतात. टाकळा, कुर्डू, घोळ, आंबुशी, केना, काटेमाठ, कशाची भाजी होते आणि कोवळी असताना कुठवर खुडायची हे त्यांना पाठ. पुस्तकातल्या फोटोंवरून मी चाचपडत होते तिथे त्या देठ चुरगाळून वास घेत आणि सांगत. तरी काही वनस्पती राहिल्याच. त्यांना मुलांनी नंबर दिले, शेजारी चित्र काढलं आणि पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, देठावर लव आहे का, चीक येतो का, हे लिहिलं. नाव चुकीचं लिहिण्यापेक्षा नंबर बरा, असं माझं स्पष्ट मत आहे.

गाजरगवताला मात्र मी मुलांना हात लावू दिला नाही. त्यानं अंगावर पुरळ उठतं, परागकणांनी काहींना दमाही होतो. मूळचं अमेरिका खंडातलं हे तण 1950च्या दशकात पुण्याच्या भागात नजरेत आलं आणि मग देशभर पसरलं. सातवीतली एक मुलगी काठीनं त्याची फांदी वाकवून बघत होती. पानं जाळीदार झाली होती, नुसत्या शिरा उरलेल्या. मागच्या बाजूला तुरीच्या दाण्याएवढे भुंगेरे, फिकट पाठीवर गडद तपकिरी नागमोडी उभ्या रेघा, आणि त्यांच्या पिवळसर अळ्या शेंड्यातली कोवळी पानं खात होत्या. हेच ते मेक्सिकन भुंगेरे. गाजरगवताचा बंदोबस्त करण्यासाठी 1980च्या दशकात मेक्सिकोहून मुद्दाम आणलेले. उन्हाळा ते मातीत काढतात आणि पावसाबरोबर वर येतात. मुलांनी प्रत्येक झाडावरचे भुंगेरे मोजले आणि शेजारच्या टाकळ्यावर, आघाड्यावर एकही नाही हे स्वतःहून लिहिलं. मला त्या ओळीचा फार आनंद झाला.

पाखरं मोजायला वेगळी पद्धत. एका जागी उभं राहून 10 मिनिटं, दिसलेलं आणि ऐकू आलेलं दोन्ही लिहायचं. वेळ लिहिणं इथे सक्तीचं, कारण परिपाठाआधी मोजलं तर दयाळ, शिंपी, बुलबुल, सातभाई मिळतात आणि मधल्या सुट्टीनंतर सांडलेल्या खिचडीवर साळुंक्या न् कावळे इतके जमतात की दोन्ही याद्या वेगवेगळ्या शाळांच्या वाटतात.

सुरक्षिततेचं आधीच ठरवावं. पायात बूट, हातात काठी, बिळात किंवा दगडाखाली हात नाही. आमच्या भागात घोणस आणि मण्यार दोन्ही आहेत. गांधीलमाश्यांचं पोळं दिसलं की तिथली चौकट रद्द, चिठ्ठी नव्यानं. आणि काहीही पकडून बाटलीत भरायचं नाही.

सगळ्या नोंदी मुलांनी मैदानाच्या मोठ्या नकाशावर रंगानं भरल्या आणि तो नकाशा शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मांडला. मागणी एकच होती, कुंपणालगतचा तीन-चार हात रुंदीचा पट्टा यंदा कापू नका. बहुतेक वनस्पती आणि जवळजवळ सगळी फुलपाखरं त्या पट्ट्यात होती. साप येतील ही पालकांची भीती खरी होती, म्हणून मुलांच्या वर्दळीची बाजू आणि नळाजवळचा भाग कापायचा, मागची बाजू ठेवायची असं ठरलं. पट्ट्यातलं गाजरगवत मोठ्या माणसांनी हातमोजे घालून फुलावर यायच्या आत उपटायचं. तणनाशक नाही, हेही बैठकीच्या वहीत लिहून घेतलं. 2002च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिच्याकडे लोकजैवविविधता नोंदवही असते. आमच्या यादीची एक प्रत आम्ही तिकडे दिली आहे.

चौकटींच्या जागी कोपऱ्यांना रंगवलेले दगड पुरून ठेवलेत. सप्टेंबरमध्ये कापलेल्या आणि न कापलेल्या जागी पुन्हा तीच घरं मोजायची, मग हिवाळ्यात, मग मार्चमध्ये. सातवीची मुलं पुढे दुसऱ्या शाळेत जातील, म्हणून चौकट कशी धरायची आणि चिठ्ठ्या कशा काढायच्या हे ती आतापासूनच पाचवीला शिकवतायत.